वेगाचा संकेत हरवतो तेव्हा

मोटारीसाठी कर्ज घेताना ग्राहक व्याजदर, मासिक हप्ता, विमा आणि इंधनाचा खर्च यांचा हिशेब काटेकोरपणे मांडतो. गाडी घरी आल्यानंतर मात्र ज्या एका आकड्यावर पुढील बहुतेक हिशेब अवलंबून असतात, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तो आकडा म्हणजे गाडीने कापलेले किलोमीटर. इंजिनाचे तेल केव्हा बदलावे, वॉरंटी केव्हा संपते, जुनी गाडी विकताना किती किंमत यावी आणि त्या गाडीवर बँकेने किती कर्ज द्यावे, या सर्व प्रश्नांच्या उत्तरात हा आकडा असतो. तो दाखवणारा ओडोमीटर आणि वेग दाखवणारा काटा ही दोन्ही एकाच संकेतावर चालतात. या संकेताला आपण वेगसंकेत म्हणू.

हा संकेत बिघडला की काटा शून्यावर पडून राहतो किंवा उगाच नाचू लागतो. अशा वेळी गॅरेजमध्ये हमखास मिळणारे उत्तर म्हणजे ‘सेन्सर गेला, बदलून टाकू.’ पुष्कळदा सेन्सर बदलला जातो, पैसे खर्च होतात आणि काटा मात्र हलत नाही. याचे कारण सोपे आहे. वेगसंकेत चाकापासून काट्यापर्यंत बराच प्रवास करतो आणि त्या वाटेवर तो कोठेही हरवू शकतो. तो नेमका कोठे हरवला हे आधी शोधावे आणि सुटा भाग मग बदलावा, हेच या लेखाचे सांगणे आहे.

झाशी ते टहरौली

मराठी माणसाला झाशी परकी नाही. गंगाधरराव नेवाळकर आणि राणी लक्ष्मीबाई यांच्यामुळे बुंदेलखंडातील हे शहर मराठी मनात कायमचे वसले आहे. राष्ट्रीयीकृत बँकांतील बदलीच्या नोकरीमुळे आजही मराठी कुटुंबे अशा दूरच्या भागांत जाऊन राहतात आणि बहुधा आपली मोटारही सोबत नेतात. उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यात झाशी, मोंठ, गरौठा, मऊरानीपुर आणि टहरौली असे पाच तालुके आहेत. देशाचा उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग झाशीपाशी एकमेकांस भेटतात. त्यामुळे येथे वाहनचालकाला दोन अगदी भिन्न प्रकारचे रस्ते एकाच दिवसात अनुभवावे लागतात.

समजा, एखादा अधिकारी चौपदरी महामार्गावरून तासभर वेगाने येतो आणि टहरौलीसारख्या अंतर्भागातील गावाकडे वळतो. आता रस्ता अरुंद असतो. शेतातून परतणारी गुरे, सायकलस्वार आणि शाळकरी मुले याच रस्त्याने ये-जा करतात. बराच काळ वेगाने गाडी चालवल्यानंतर डोळ्यांना वेगाचा अंदाज नीट येत नाही आणि ताशी ६० किलोमीटरचा वेगही संथ भासतो, हे सर्वज्ञात आहे. अशा वेळी खरा वेग सांगणारा विश्वासू साक्षीदार म्हणजे डॅशबोर्डवरील काटा. तोच मुका झाला तर चालक अंदाजावर विसंबतो.

दुसरी अडचण व्यवहाराची आहे. पुण्यामुंबईत दोन-चार गॅरेजांत विचारपूस करता येते. तालुक्याच्या गावी मात्र तपासणीच्या यंत्रांनी सुसज्ज असे गॅरेज हाताशी असेलच असे नाही आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर एक दिवस मोडतो. उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, हवेत धूळ असते आणि पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरतात. तारांचे आवरण कडक होऊन तडकणे, जोडणीत धूळ वा पाणी शिरणे आणि चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसणे, ही सर्व कारणे या हवामानात एकत्र येतात. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांनाही हे वर्णन ओळखीचे वाटेल. म्हणून प्राथमिक तपासणीचा क्रम मालकाला माहीत असणे हिताचे ठरते.

संकेत कोठे जन्मतो?

वेगमापकाचे जुने रूप पूर्णपणे यांत्रिक होते. गिअरबॉक्समधील एका लहान दंतचक्राला जोडलेली लवचीक केबल डॅशबोर्डपर्यंत जाई आणि तेथे एक चुंबक फिरवी. चुंबकाभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत त्यामुळे भोवरी प्रवाह निर्माण होत आणि ती वाटी, तिच्यासोबत काटा, केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या विरोधात वळे. जर्मनीतील ओटो शुल्झ यांनी १९०२ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले आणि पुढे जवळजवळ शतकभर जगातील मोटारी याच तत्त्वावर वेग दाखवत राहिल्या. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सीतही केबलच होती. या गाड्यांत निदान सोपे असे. काटा थरथरला तर केबल कोरडी पडली आहे आणि काटा थांबला तर केबल तुटली आहे, असे बहुधा समजावे.

इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे गेले, तेव्हा वेगाची माहिती विजेच्या भाषेत देणे आवश्यक झाले. त्यासाठी केबलच्या जागी गिअरबॉक्सवर सेन्सर आला. यातील एका प्रकारात चुंबकाभोवती तारेचे वेटोळे असते. दात असलेले चक्र त्याच्यासमोरून फिरले की वेटोळ्यात उलटसुलट वाहणारी वीज निर्माण होते. वेग वाढला की तिचा दाबही वाढतो. दुसरा प्रकार हॉल परिणामावर चालतो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये हा परिणाम शोधला. या सेन्सरला वीजपुरवठा, अर्थ आणि संकेत अशा साधारणपणे तीन तारा असतात. चक्र फिरताना संकेताच्या तारेवरील दाब कधी शून्याजवळ, तर कधी ५ किंवा १२ व्होल्टजवळ असतो. या प्रत्येक चढउताराला स्पंद म्हणतात आणि संगणक वेग काढतो तो हे स्पंद मोजूनच.

तिसरी आणि आजची पद्धत आणखी निराळी आहे. ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ नयेत म्हणून असलेल्या एबीएस यंत्रणेसाठी प्रत्येक चाकाजवळ स्वतंत्र सेन्सर असतो. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक आहे. त्यामुळे अनेक नव्या मोटारींच्या गिअरबॉक्सवर वेगाचा वेगळा सेन्सर नसतोच. चारही चाकांची माहिती एबीएसच्या संगणकाकडे जाते, तो गाडीचा वेग ठरवतो आणि गाडीतील अंतर्गत जाळ्यावरून इंजिन, स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड यांना कळवतो. म्हणून तपासणीचा पहिला प्रश्न असा असावा की, या गाडीत वेगसंकेत नेमका कोठे जन्मतो? उत्तर त्या मॉडेलच्या दुरुस्ती-पुस्तिकेत असते. हा प्रश्न न विचारता काम सुरू केले, तर नसलेल्या सेन्सरचा शोध घेण्यात वेळ जातो.

लक्षणांची साक्ष

वेगसंकेत एकट्या काट्यासाठी नसतो. सुटलेल्या ॲक्सिलरेटरवर गाडी थांबत आली की इंजिनाची गती सांभाळण्यासाठी, ऑटोमॅटिक गिअर बदलण्यासाठी, वेगानुसार विद्युत स्टिअरिंग हलके वा जड करण्यासाठी, क्रूझ कंट्रोलसाठी आणि ठरावीक वेगानंतर दारे आपोआप बंद होण्यासाठी तोच संकेत वापरला जातो. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत बंधनकारक झालेली, ताशी ८० किलोमीटरनंतर चालकाला सावध करणारी घंटीही याच माहितीवर चालते. त्यामुळे वेगाची बातमी कोणाकोणाला पोहोचत नाही हे पाहिले, तर बिघाडाची जागा बरीचशी उमगते.

काटा बंद आहे, पण किलोमीटर पुढे सरकत आहेत, तर संकेत डॅशबोर्डपर्यंत नक्की पोहोचतो आहे. दोष काटा फिरवणाऱ्या लहान मोटरमध्ये असावा. काटा आणि किलोमीटर दोन्ही थांबले आहेत, पण इंजिन, गिअर आणि स्टिअरिंग नेहमीसारखे आहेत, तर डॅशबोर्डकडे जाणारी तार, तिची जोडणी किंवा मीटर यांवर संशय घ्यावा. काटा बंद, इंजिनाचा पिवळा दिवा चालू आणि सिग्नलपाशी थांबताना इंजिन बंद पडते, असे तिन्ही घडले तर संकेत उगमापाशीच हरवला असण्याची शक्यता अधिक. यासोबत एबीएसचा दिवाही लागला असेल, तर चाकांजवळच्या सेन्सरपासून आरंभ करावा. अशा वेळी जोरात ब्रेक लावल्यास चाके जाम होऊ शकतात, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत वेग कमी आणि पुढील वाहनापासूनचे अंतर जास्त ठेवावे.

लक्षणे कागदावर टिपून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते. बिघाड गाडी थंड असताना होतो की तापल्यावर? पावसानंतर की खड्ड्यात आपटल्यावर? नुकतेच क्लच, बेअरिंग किंवा म्युझिक सिस्टीमचे काम झाले आहे काय? या उत्तरांवरून कुशल मेकॅनिकला तपासणीची दिशा मिळते.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी फ्यूजची. मीटर आणि सेन्सर यांचा वीजपुरवठा ज्या फ्यूजवरून येतो, तो पुस्तिकेत पाहून तपासावा. फ्यूज उडालेला असेल तर नवा बसवावा. तोही उडाला तर तार कोठेतरी उघडी पडून अर्थला टेकते आहे असे समजावे. मोठ्या क्षमतेचा फ्यूज बसवणे म्हणजे आगीला निमंत्रण होय.

दुसरी पायरी स्कॅनरची. स्टिअरिंगखालच्या जोडणीला स्कॅनर लावला की संगणकाने नोंदवलेले सांकेतिक क्रमांक वाचता येतात. वेगसंकेताच्या बिघाडासाठी पी ०५०० हा सर्वपरिचित क्रमांक आहे. संकेत क्षीण वा अपुरा असल्यास पी ०५०२, तर तो अधूनमधून तुटत असल्यास पी ०५०३ नोंदला जातो. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. हा क्रमांक ‘सेन्सर बदला’ असे सांगत नाही. त्या मार्गावर कोठेतरी संकेत हरवला आहे, एवढेच तो सांगतो. क्रमांक पुसून टाकण्यापूर्वी लिहून घ्यावेत.

स्कॅनरचा खरा उपयोग क्रमांकापेक्षा चालू माहितीत आहे. मोकळ्या रस्त्यावर गाडी सावकाश चालवावी आणि शेजारी बसलेल्या व्यक्तीने स्कॅनरवरील वेग, काट्यावरील वेग आणि मोबाईलवरील उपग्रहाधारित वेग यांची तुलना करावी. चालकाने हे वाचन स्वतः करू नये. स्कॅनरवर वेग बरोबर आणि काटा बंद असेल, तर सेन्सर निर्दोष आहे. स्कॅनरवरही शून्य असेल, तर शोध उगमाकडे न्यावा. एबीएसच्या गाडीत चारही चाकांचे वेग वेगवेगळे दिसतात आणि तीन चाके ३० दाखवत असताना चौथे शून्य दाखवत असेल, तर गुन्हेगार आपणहून पुढे येतो.

तिसरी पायरी डोळ्यांची आणि हातांची. किल्ली बंद करून सेन्सरची जोडणी सोडवावी. पिना हिरवट पडल्या आहेत काय, आत तेल वा पाणी आहे काय, तार कोठे ताणली गेली आहे काय, हे पाहावे. ग्रामीण भागात उंदरांनी कुरतडलेल्या तारा ही नित्याची बाब आहे. बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टीमसाठी, गाडीचा माग ठेवणाऱ्या यंत्रासाठी किंवा व्यावसायिक वाहनाच्या वेगनियंत्रकासाठी वेगसंकेताची तार मध्येच सोलून जोड दिलेला असतो. असा जोड सैल झाला किंवा ते यंत्र बिघडले, तर ते मूळ संकेतच दाबून टाकते. म्हणून ही जादा यंत्रे तपासणीपुरती अलग करून पाहावीत. वेगनियंत्रकाच्या बाबतीत हे काम अधिकृत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

चौथी पायरी मल्टिमीटरची. तीन तारांच्या सेन्सरला, किल्ली चालू असताना, पुरवठ्याच्या तारेवर सुमारे १२ व्होल्ट, काही मॉडेलमध्ये ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. जोडणी लावलेली असताना अर्थची तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांतील फरक ०.१ व्होल्टच्या आत असावा. तो जास्त असेल तर सेन्सर नव्हे, अर्थ खराब आहे. यानंतर गाडी सपाट जमिनीवर उभी करून मागच्या चाकांना अडण लावावी, पुढचे एक चाक जॅकने उचलून खाली पक्का स्टँड द्यावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि इंजिन बंद, किल्ली चालू असताना ते चाक हाताने सावकाश फिरवावे. संकेताच्या तारेवरील आकडा शून्याजवळ जाऊन पुन्हा वर येत असेल तर सेन्सर जिवंत आहे. पुरवठा आणि अर्थ दोन्ही ठीक असून आकडा हलत नसेल, तरच सेन्सर किंवा त्याचे दंतचक्र दोषी ठरते. ही रीत पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींसाठी आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि जाऊ नये.

दोन तारांच्या सेन्सरबाबत सावधगिरी हवी. वेटोळ्याच्या सेन्सरचा विद्युतरोध मोजता येतो आणि तो पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहता येतो. परंतु चाकांजवळील अनेक नव्या सेन्सरांना दोन तारा असूनही आत इलेक्ट्रॉनिक मंडल असते. त्यांचा रोध मोजण्यास अर्थ नाही आणि त्यात सेन्सरला इजा होण्याचा संभव असतो.

पाचवी पायरी यांत्रिक भागांची. गिअरबॉक्सवरील सेन्सर काढून त्याच्या प्लास्टिकच्या दंतचक्राचे दात झिजले आहेत काय, हे पाहावे. चाकाजवळचे दातेरी कडे गंजून तडकले असेल किंवा सेन्सरच्या टोकाला लोखंडी कीस चिकटला असेल, तर संकेत अडखळतो. कित्येक मोटारींत चाकाच्या बेअरिंगच्या एका बाजूस चुंबकीय कडे बसवलेले असते. बेअरिंग बदलताना ते उलटे बसले, तर सेन्सरसमोर चुंबकीय बाजू येतच नाही आणि नवेकोरे बेअरिंग, नवाकोरा सेन्सर असूनही संकेत मिळत नाही. ‘काम झाल्यापासून दिवा लागला’ अशी तक्रार असेल, तर ही शक्यता प्रथम तपासावी.

शेवटची पायरी अधूनमधून येणाऱ्या बिघाडाची. येथे मल्टिमीटर वा स्कॅनर जोडलेला ठेवून तारेचा एकेक भाग हलक्या हाताने हलवावा. ज्या ठिकाणी हलवताच संकेत तुटतो, तेथेच आवरणाच्या आत तार मोडलेली असते.

बिघाड नव्हे, फरक

काट्यावर १०० आणि मोबाईलवर ९५ असे दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या वाहननियमानुसार वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. जास्त मात्र खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी ४ किलोमीटर, इतका दाखवलेला चालतो. खरा वेग १०० असताना काट्यावर ११४ पर्यंतचा आकडा या नियमात बसतो. टायरचे माप बदलल्यासही फरक पडतो. चाकाचा परीघ ४ टक्क्यांनी वाढला, तर पूर्वी काट्यावर १०० दिसताना जो खरा वेग असे, त्यापेक्षा तो आता ४ टक्क्यांनी जास्त असतो. अशा ठिकाणी सेन्सर बदलून काहीही साधत नाही.

किलोमीटरचा हिशेब

आता पुन्हा पैशाकडे वळू. जपानी धर्तीच्या अनेक मोटारींत वेगमापकाचा दांडा एका किलोमीटरमध्ये ६३७ फेरे घेतो आणि प्रत्येक फेऱ्यात ४ स्पंद निघतात. म्हणजे किलोमीटरला २,५४८ स्पंद. ताशी ६० किलोमीटर वेगाने एका मिनिटात एक किलोमीटर कापला जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे ४२ स्पंद होतात. आता अशी कल्पना करा की, दर चारांतील एक स्पंद गळतो आहे. काटा ६० ऐवजी ४५ दाखवील आणि गाडी १,००,००० किलोमीटर चालली असता ओडोमीटर ७५,००० वर असेल. कोणी हेतुपुरस्सर आकडा मागे फिरवला नसला, तरी परिणाम तोच.

संकेत पूर्ण बंद असताना गाडी महिन्याला १,००० किलोमीटर याप्रमाणे सहा महिने चालवली, तर ६,००० किलोमीटर नोंदीबाहेर राहतात. तेल उशिरा बदलले जाते आणि ज्या सुट्या भागांची मुदत किलोमीटरवर असते, ते मुदतीपलीकडे वापरले जातात. कामानिमित्त केलेल्या प्रवासाची देयके किलोमीटरवर आधारित असतील, तर त्यांचा आधारही जातो. विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये वापरानुसार हप्ता ठरवणाऱ्या मोटार विम्यास मान्यता दिल्यापासून काही ग्राहकांच्या विम्याचा हप्ताही किलोमीटरशी जोडला गेला आहे.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११७ व्या नियमानुसार वाहनात चालकाला वेग दाखवणारे साधन असणे आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडल्यास १,००० ते २,००० रुपये दंड होऊ शकतो आणि ‘काटा बंद होता’ ही सबब तेथे उपयोगी पडत नाही.

ग्राहकांसाठी काही सूचना

वेगसंकेताचा बिघाड लक्षात येताच त्या दिवशीची तारीख आणि ओडोमीटरवरील आकडा लिहून ठेवावा. दुरुस्तीच्या बिलावर बिघाडाचे कारण, केलेली चाचणी आणि किलोमीटर यांची नोंद करून घ्यावी. डॅशबोर्डवरील मीटर बदलावा लागला, तर जुना आणि नवा असे दोन्ही आकडे बिलावर असलेच पाहिजेत. पुढे गाडी विकताना हाच कागद मालकाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा ठरतो. गॅरेजमध्ये ‘सेन्सर बदला’ असे न सांगता ‘संकेत कोठे तुटतो ते तपासा आणि मला दाखवा’ असे सांगावे. तपासणीचे वेगळे शुल्क द्यावे लागले तरी ते देणे योग्य, कारण अनावश्यक सुट्या भागापेक्षा ते बहुधा कमीच असते.

जुनी गाडी घेणाऱ्या ग्राहकाने खरेदीपूर्वी ती काही किलोमीटर स्वतः चालवून काटा आणि ओडोमीटर एकाच वेळी पाहावेत. रस्त्यावरील पाच किलोमीटरच्या दगडांत ओडोमीटरवरही पाचच वाढले पाहिजेत. किल्ली फिरवताच इंजिन आणि एबीएसचे दिवे क्षणभर लागून विझतात की नाही, हेही पाहावे. दिवा अजिबात लागतच नसेल, तर बिघाड लपवण्यासाठी तो काढलेला असू शकतो. सर्व्हिसच्या जुन्या नोंदींतील किलोमीटर क्रमाने वाढत आले आहेत काय, हे ताडून पाहावे. पेडलची झीज आणि स्टिअरिंगचे गुळगुळीतपण यांचाही आकड्याशी मेळ बसायला हवा. जुन्या मोटारीच्या कर्जप्रकरणाची छाननी करणाऱ्या शाखेतील सहकाऱ्यांनीही मूल्यांकन अहवालात केवळ ओडोमीटरचा आकडा न पाहता तो चालू असल्याची खात्री केली आहे काय, हे विचारावे.

बँकेच्या खात्यात एका रुपयाचा फरक आला, तर आपण नवे खातेपुस्तक मागत नाही. एकेक नोंद ताडून फरक कोठे पडला ते शोधतो. वेगसंकेताच्या बाबतीतही हीच शिस्त पाळावी. चाक, सेन्सर, तार, संगणक आणि काटा या क्रमाने प्रत्येक ठिकाणी संकेत पोहोचला की नाही हे पाहिले, तर खर्च आवाक्यात राहतो, किलोमीटरचा आकडा खरा राहतो आणि महामार्ग सोडून गावच्या रस्त्याला लागल्यावर वेग किती कमी करावा, हेही चालकाला बिनचूक कळते.